गंधक, व्हॅसलीन आणि धुण्याचा टब

मॅडम सी. जे. वॉकर म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत केसांचं मलम विकून नाव कमावलेली काळी बाई. तिच्या त्या गाजलेल्या डबीत होतं तरी काय? गंधक, पेट्रोलियम जेली म्हणजे आपलं व्हॅसलीन, थोडं मेण, थोडं खोबरेल आणि गंधकाचा वास झाकायला व्हायोलेटचं अत्तर. मी घरी माक्याचं तेल कढवून विकते, त्यामुळे केसांच्या कुठल्याही औषधवालीची गोष्ट हाती आली की मी आधी 'साहित्य' कुठे लिहिलंय ते शोधते. इथेही शोधलं आणि जरा हिरमुसलेच. डोक्यातल्या खवड्यांना गंधकाचं मलम लावायची रीत तिच्या जन्माच्या कितीतरी आधीची. व्हॅसलीन तिच्या लहानपणापासून बाजारात होतं. गुपित म्हणावं असं यात काही नाही.

ती स्वतः मात्र दृष्टान्ताची गोष्ट सांगायची. स्वप्नात एक धिप्पाड काळा माणूस आला, केसांसाठी काय काय मिसळायचं ते सांगून गेला, त्यातली काही जडीबुटी आफ्रिकेत उगवते, मी ती मागवली, लावली आणि गळण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने केस उगवायला लागले. आपल्याकडेही दृष्टान्तातून आलेली औषधं काही कमी नाहीत. आज हे असं लेबलवर छापलं तर एफडीएवाले दारात येतील. १९०६ साली कोणी येत नव्हतं.

आणि तरी या डबीच्या जोरावर कापसाच्या मळ्यात जन्मलेली एक अनाथ पोर इंडियानापोलिसमध्ये कारखाना काढते, न्यूयॉर्कजवळ हडसनकाठी गोऱ्या धनाढ्यांच्या शेजारात हवेली बांधते आणि १९१९ मध्ये एक्कावन्नाव्या वर्षी जाते, तेव्हा देशभरची वर्तमानपत्रं तिची बातमी छापतात. डबीत गुपित नसेल तर ते होतं कुठे, हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. धंदा करणारीला असले प्रश्न फावल्या वेळचे नसतात.

तिचं मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियाना राज्यातल्या डेल्टा या गावी, मिसिसिपी नदीच्या काठच्या मळ्यावर ती जन्मली. पलीकडच्या तीरावर व्हिक्सबर्ग. आई-वडील, ओवेन आणि मिनर्व्हा, त्याच मळ्यावर गुलाम होते आणि यादवी युद्धानंतर त्याच मळ्यावर वाटेकरी म्हणून राबत होते. थोरली भावंडं गुलामगिरीत जन्मलेली. घरात जन्मतःच मोकळं असलेलं पहिलं मूल सारा. मोकळीक कागदावर होती, हातात कापूसच. सातव्या वर्षी आई-वडील दोघंही गेलेले. मग बहिणीच्या आश्रयाने नदीपलीकडे, लोकांच्या घरी धुणीभांडी. मेहुणा क्रूर, त्याच्या तावडीतून सुटायला चौदाव्या वर्षी लग्न. सतराव्या वर्षी मुलगी झाली, लीलिया. आणि विशी गाठते न गाठते तोच, १८८७ मध्ये, नवरा मोझेस मॅकविल्यम्स वारला.

१८८७ सालची, वीस वर्षांची, पदरात लेक असलेली विधवा. मराठी माणसाला ही ओळ वाचून पुढे जाणं अवघड आहे. पंडिता रमाबाई नेमक्या त्याच काळात अमेरिकेत गावोगाव भाषणं देत इथल्या बालविधवांसाठी पैसे गोळा करत होत्या, आणि १८८९ मध्ये परत येऊन त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले नाभिक एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. शंभर व्याख्यानांनी जे झालं नसतं ते वस्तरा खाली ठेवून करायचं ठरवलेली ती माणसं मला फार थोर वाटतात, आणि शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर मला कधी चार ओळी सापडल्या नाहीत. असो. सांगायचं ते असं की बाईच्या डोक्यावरच्या केसांचा निकाल तिच्याऐवजी दुसऱ्याच कोणी लावायचा हा प्रकार आपल्याकडे होता तसा साराच्या मुलुखातही होता. लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना, १७८६ मध्ये, तिथल्या गव्हर्नरने हुकूम काढला की स्वतंत्र असलेल्या काळ्या आणि मिश्रवंशी बायकांनी केस फडक्याने झाकायचे. कारण त्या केस सजवून हिंडतात आणि गोऱ्या बायकांच्या डोळ्यांत येतात. बायकांनी काय करावं? रेशमी, रंगीत, मोत्या-पिसांची फडकी बांधली आणि त्याचीच फॅशन केली. त्या मातीतून पुढे एक बाई केसांचा धंदा काढते यात मला योगायोग कमी दिसतो.

विधवा सारा लेकीला घेऊन सेंट लुइसला गेली. तिथे भाऊ होते, न्हावीकाम करणारे. आणि तिथे तिने धुणं धरलं. पुढची जवळजवळ अठरा वर्षं.

चरित्रं हा भाग दोन ओळींत उरकतात, पुढे लाखो डॉलर यायचे असतात ना. मला तिथेच थांबावंसं वाटतं. त्या वेळचं धुणं म्हणजे आपल्या मनातलं नळाखालचं धुणं नव्हे. घरोघरचे कपडे गाठोडी बांधून आणायचे. पाणी भरून आणायचं, चूल पेटवायची, लोखंडी हंड्यात कपडे उकळायचे, लाकडी टबात पन्हाळीदार फळीवर घासायचे, निळीतून काढायचे, पिळायचे, वाळवायचे. मग खळ, मग चुलीवर तापवलेल्या जड इस्त्र्या. साबण कॉस्टिकचा, हाताची सालं काढणारा. आठवड्याच्या सुरुवातीला आणलेलं गाठोडं शेवटी कडक घड्या करून परत पोहोचवायचं. दिवसाचे पडायचे डॉलरभर, फार तर थोडे वर. तरीही दक्षिणेतल्या काळ्या बायका घरकामापेक्षा हे काम पसंत करायच्या, कारण ते स्वतःच्या अंगणात करता येई, मालकिणीच्या नजरेखाली नव्हे, आणि पोरं पायाशी असत. १८८१ च्या जुलैमध्ये अटलांटातल्या धुणेवाल्यांनी संप केला होता. सुरुवात वीसेक बायकांनी केली आणि तीन आठवड्यांत तीन हजार सामील झाल्या. मागणी एवढीच की डझनभर पौंड धुण्याला एक डॉलर मिळावा. नगरपालिकेने धमकी दिली की प्रत्येकीला वर्षाला पंचवीस डॉलर परवाना फी लावू. बायकांनी महापौरांना उलट कळवलं, फी भरू, पण मग शहरातलं धुणं आमच्या ताब्यात राहील. हा रोखठोकपणा अंगात असलेल्या बायकांमध्ये सारा वाढली होती. तिच्यासारख्या हजारो होत्या.

पुढे नाव झाल्यावर एका वृत्तपत्राला मुलाखत देताना तिने सांगितलं आहे: एका सकाळी समोर धुण्याचा ढीग, मी फळीवर ओणवी, कोपरापर्यंत फेसात बुडालेले हात पाहिले आणि मनात आलं, म्हातारपणी ही पाठ धरेल तेव्हा काय करणार तू? तुझ्या पोरीकडे कोण बघणार? विचार करकरून काही सुचेना, असंही ती प्रामाणिकपणे सांगते. यशस्वी माणसं बहुधा या वाक्यानंतर लगेच उपाय सापडल्याचं सांगतात. हिला वर्षानुवर्षं काही सुचलं नाही. दरम्यान तिने दुसरं लग्न केलं, तेही धड निघालं नाही, आणि धुण्याच्याच पैशातून लीलियाला टेनेसीतल्या नॉक्सव्हिल कॉलेजात पाठवलं. आणि तिचे केस गळत होते.

तिचे एकटीचेच नव्हे. घरात नळ नाही, न्हाणं आठवड्या-पंधरवड्याने, कधी महिन्याने, त्यातही साबण तोच जहाल. खाण्याचे हाल, डोक्याला कोंडा, खवडे, मग चाई पडल्यासारखे टकलाचे चट्टे. चर्चमध्ये समोर नीट पोशाख केलेल्या, शिकलेल्या, डोकं वर करून बसणाऱ्या काळ्या बायका दिसायच्या. आपण मात्र रुमालाखाली.

आता गोष्टीतला तो भाग, जो 'स्वतःच्या हिमतीवर' वगैरे म्हणणारे पटकन ओलांडतात. साराच्या आधी त्या शहरात एक दुसरी बाई केसांचं औषध विकत होती. ॲनी टर्नबो, पुढची ॲनी मलोन. साराहून दोन वर्षांनी लहान, इलिनॉयची, रसायनशास्त्राची गोडी असलेली, तीही लहानपणीच पोरकी झालेली. १९०२ मध्ये ती सेंट लुइसला आली आणि दारोदार जाऊन फुकट डोकी धुऊन देत तिने आपलं 'वंडरफुल हेअर ग्रोअर' खपवायला सुरुवात केली. बायकांनाच एजंट नेमायचं, शिकवायचं आणि वस्तीवस्तीत पाठवायचं, हा बेत मुळात ॲनीचा. सारा तिची गिऱ्हाईक झाली, केस सुधारले, मग एजंट झाली. १९०५ च्या उन्हाळ्यात ती कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला गेली तीही ॲनीचा माल विकायला. तिथे पोटापाण्यासाठी एका औषधविक्रेत्याकडे स्वयंपाकाचं काम धरलं. उरलेल्या वेळात डोकी धुवायची, माल विकायचा. जानेवारी १९०६ मध्ये तिने चार्ल्स जोसेफ वॉकर या वर्तमानपत्राच्या जाहिराती गोळा करणाऱ्या गृहस्थाशी लग्न केलं, ॲनीपासून फारकत घेतली आणि 'मॅडम सी. जे. वॉकर्स वंडरफुल हेअर ग्रोअर' बाजारात आणलं. नावातले शेवटचे तीन शब्द तुम्हाला ओळखीचे वाटले असतील. ॲनीलाही वाटले. नकलांपासून सावध राहा अशा जाहिराती तिने दिल्या आणि त्याच वर्षी आपल्या मालासाठी 'पोरो' हे नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकलं.

आता यात चोरी किती आणि धंदा किती? गंधकाचं मलम ॲनीचंही नव्हतं. पण एजंटची साखळी, दारोदार जाऊन डोकं धुऊन दाखवणं, नावसुद्धा, हे सगळं साराने तिच्याकडून घेतलं आणि पुढे तिचं नाव तोंडातून काढलं नाही. दृष्टान्त सांगितला. मला तो काळा माणूस इथे फार सोयीचा वाटतो, कारण स्वप्नातल्या माणसाला काही देणं लागत नाही. माझं वॉकरबाईंवर प्रेम आहे, तरी ॲनीच्या बाजूने हे एवढं लिहून ठेवायलाच हवं. ॲनीही काही लहानसहान उरली नाही. १९१८ मध्ये तिने सेंट लुइसमध्ये 'पोरो कॉलेज' नावाची भली मोठी इमारत उभारली, त्यात कारखाना, शाळा, सभागृह सगळं. तिथल्या काळ्या मुलांच्या अनाथाश्रमाला १९४६ पासून तिचंच नाव आहे. ती १९५७ पर्यंत जगली. गोष्ट मात्र दुसरीची झाली.

का झाली, त्याचं एक कारण मला डबीवरच दिसतं. मॅडम वॉकरने डबीवर आणि जाहिरातीत स्वतःचा चेहरा छापला. तीन फोटो शेजारी शेजारी. मधल्यात आखूड, विरळ केसांची ती, आणि दोन बाजूंना औषधानंतरची, पाठीवर केस सोडलेली. त्या काळच्या जाहिरातींत सौंदर्य म्हणून गोरी बाई असायची, आणि काळ्या बाईचं चित्र छापलंच तर ते थट्टेसाठी किंवा स्वयंपाकघरात. इथे एक धुणं धुतलेली बाई आपलं टक्कल सगळ्या देशाला दाखवून म्हणते, ही मी. माझ्या बाटलीवर जास्वंदीचं फूल आहे. स्वतःचा फोटो छापायचा विचारही मला सोसत नाही.

दुसरं कारण, ती हिंडली. लग्नानंतरची दीडेक वर्षं नवरा-बायको दक्षिणेतून आणि पूर्वेकडून गाव घेत गेले. रेल्वेत काळ्यांना वेगळा डबा, हॉटेलात जागा नाही, म्हणून चर्चच्या ओळखीने कोणाच्या तरी घरी उतरायचं, त्याच चर्चमध्ये प्रात्यक्षिक दाखवायचं, आठ-दहा बायका तयार करायच्या आणि पुढच्या गाडीत बसायचं. मागे डाकेने ऑर्डरी येत. लेक लीलिया त्या पाठवत असे. १९०८ मध्ये पिट्सबर्गला मुक्काम हलवून लेकीच्या नावाचं 'लीलिया कॉलेज' काढलं. तिथे केसांची निगा शिकवून दाखला मिळे, आणि यायला जमत नसेल तर पंचवीस डॉलरात डाकेनेही अभ्यासक्रम मिळे. १९१० मध्ये इंडियानापोलिस, कारण तिथे देशभरचे रेल्वेमार्ग एकत्र येत. हा निर्णय मला तिच्या सगळ्या निर्णयांत जास्त आवडतो. भावनेचा भाग शून्य, माल लवकर कुठून सुटेल तेवढंच बघितलेलं.

माणसंही तिने हेरून घेतली. कारभार बघायला फ्रीमन रॅन्सम हा तरुण वकील, जो तिला सतत खर्च आवरा म्हणून पत्रं लिही आणि ज्याचं ती फारसं ऐकत नसे, अशी ती जोडी. ॲलिस केली नावाची शिक्षिका तिने कारखान्यावर नेमली आणि फावल्या वेळात तिच्याकडूनच स्वतः शिकली. अक्षर सुधारलं, पत्रलेखन शिकली, चारचौघांत बोलायचं कसं ते शिकली. चाळिशी उलटलेली, कारखान्याची मालकीण, आपल्याच नोकरीतल्या बाईपुढे वही घेऊन बसते. मी हिशेबाच्या नोकरीतून तेलात आले तेव्हा एका नातेवाइकाने हळहळून विचारलं होतं, बी.कॉम.चा काय उपयोग झाला मग? त्यांना काय सांगायचं ते तेव्हा सुचलं नव्हतं, आणि आता ते विचारत नाहीत.

१९१२ च्या ऑगस्टमध्ये शिकागोला 'नॅशनल निग्रो बिझनेस लीग'चं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्ष बुकर टी. वॉशिंग्टन, काळ्या समाजातले त्या वेळचे सर्वांत वजनदार पुढारी. शिक्षण, शेती, सचोटी, काटकसर यांचे पुरस्कर्ते. केसांची मलमं विकणाऱ्यांविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. मॅडम वॉकरला बोलायचं होतं. एका संपादकाने तिच्यासाठी शब्द टाकला, अध्यक्षांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेवटी ती जागेवरून उठलीच. माझ्या तोंडावर दार लावणार नाही ना तुम्ही, असं विचारून तिने आपली ओळख करून दिली: मी दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांमधून आलेली बाई. तिथून मला बढती मिळाली ती धुण्याच्या टबावर. तिथून बढती मिळाली ती स्वयंपाकघरात. आणि तिथून माझी मीच बढती केली ती केसांची औषधं बनवण्याच्या धंद्यात. माझा कारखाना मी माझ्या स्वतःच्या जमिनीवर बांधलाय.

आपण आज नोकरी बदलली की लोक मोठ्या हौसेने 'प्रवास' म्हणतात. शेत, टब, चूल या तीन मुक्कामांत साराने निवडलेलं काय होतं? एकही नाही. काळ्या बाईला जी तीन कामं खुली होती ती तिने ओळीने केली आणि भर सभेत, सुटाबुटातल्या सावकार-व्यापाऱ्यांसमोर, त्यांना बढत्या म्हणून मोकळी झाली. मला हा टोला शंभर वर्षांनंतरही बसतो. पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात ती रीतसर वक्ता होती. आणि त्याआधी त्याच १९१३ मध्ये वॉशिंग्टन इंडियानापोलिसला काळ्यांच्या वायएमसीएच्या, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या, इमारतीच्या उद्घाटनाला आले, तेव्हा उतरले तिच्याच घरी. त्या इमारतीसाठी तिने हजार डॉलर दिले होते. पैशाने पुष्कळ दारं उघडतात, हे काही नवीन नाही.

सगळी मात्र उघडत नव्हती. त्याच इंडियानापोलिसमध्ये ती सिनेमाला गेली. तिकिटाचे दहा सेंट पुढे केले तर खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, काळ्यांना पंचवीस. तिने थिएटरवर दावा लावला. पुढे तिच्या कंपनीने शहरात जी मोठी इमारत बांधायला घेतली तिच्यात थिएटर होतंच. ती १९२७ मध्ये पुरी झाली. मॅडम बघायला नव्हती.

तिच्यावरचा जुना आक्षेप सांगायला हवा. काळ्यांचे केस गोऱ्यांसारखे सरळ करून देण्याचा धंदा हिने केला, म्हणजे आपल्याच लोकांना आपल्या रूपाची लाज शिकवली, असं तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणतात. गरम लोखंडी कंगवा तिने शोधला असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं, ते खोटं आहे; तो आधीपासून होता, पण तिच्या पद्धतीत वापरला जाई, हे खरं. तिला स्वतःला हा आरोप झोंबे. मी केस सरळ करत नाही, मी केस वाढवते, असं ती ठासून सांगायची आणि 'सरळ' हा शब्द जाहिरातीत येऊ द्यायची नाही. मला यातलं निम्मं पटतं. ज्या बाईच्या डोक्यावर खवडे आहेत तिला आधी बरं करायचं असतं, तात्त्विक चर्चा नंतर. पण गिऱ्हाईक दारात येतं ते कसली ना कसली लाज घेऊनच येतं आणि आपण तिच्यावर चार पैसे मिळवतो. गोरेपणाची क्रीम विकणाऱ्या देशात राहून मी या बाबतीत फार मान वर करू शकत नाही. मला विचारतात, काकू, तुमच्या तेलाने कुरळे केस मऊ होतात का हो? मी 'होतात' म्हणत नाही. 'नाही' म्हणतानाही आवाज जरा खाली जातो.

आता तो डबीचा प्रश्न. माक्याचं तेल कढवताना एक वेळ येते. रस आणि तेल एकत्र उकळत असतात, तडतड चाललेली असते. ती तडतड थांबली की पाणी संपलं, गॅस बंद. पाणी राहिलं तर तेल चार दिवसांत खवट, जास्त कढलं तर पाला जळून करपट वास. एवढं जमलं की तेल जमलं. मग कोणालाही जमेल? हो, जमेल. पहिल्यांदा मला हे कबूल करताना भीती वाटायची, कृती फुटेल म्हणून. आता वाटत नाही. मॅडम वॉकरच्या बायका काय सांगत होत्या ते पाहा: डोकं वारंवार धुवा, मुळांना हाताने चोळा, मलम लावा, नीट खा. यातली अर्धी अधिक किमया धुण्यातच होती. जन्मभर लोकांचे कपडे धुतलेल्या बाईने लोकांना डोकं धुवायला लावलं, आणि मलमाचे पन्नास सेंट घेतले.

पण खरा माल तिसराच होता. कंपनी सांगे की आमच्या वीस हजार एजंट आहेत. जाहिरातीतला आकडा म्हणून त्यातून हवं तेवढं वजा करा, तरी हजारो उरतात. या हजारोंपुढे एरवी काय होतं? गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, गोऱ्यांच्या घरचं धुणं, नाहीतर शेत. एका एजंटने तिला लिहिलं होतं की इतर कामात महिनाभर राबून जे मिळे ते आम्ही आठवड्यात मिळवतो. म्हणजे सारा घरात शिरायची ती गिऱ्हाईक शोधत, आणि बाहेर पडताना तिला विक्रेती मिळालेली असायची. टबावर ओणवी असलेली बाई कशाला भुलेल हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? लांब केसांना भुलेलच. त्याहून जास्त भुलेल टबातून हात बाहेर काढायला. ॲनीने ही साखळी बांधली होती. साराने ती बांधताना बोलून दाखवलं की हे केसांचं काम नाही, तुमच्या सुटकेचं काम आहे. ती सभांमध्ये तेच बोले.

१९१७ मध्ये फिलाडेल्फियात तिने आपल्या एजंटांचं अधिवेशन भरवलं. दोनशेच्या वर बायका, हॅट घालून, दाखले घेऊन, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आलेल्या. बक्षिसं दिली. सर्वांत जास्त विक्री करणारीला मिळालंच, पण आपल्या गावात सर्वांत जास्त दानधर्म करणारीलाही मिळालं. त्याच उन्हाळ्यात ईस्ट सेंट लुइसमध्ये गोऱ्या जमावाने काळ्या वस्त्या जाळल्या होत्या, माणसं मारली होती. ती स्वतः हार्लेम या न्यूयॉर्कमधल्या काळ्या वस्तीतल्या पुढाऱ्यांबरोबर व्हाइट हाउसपर्यंत जाऊन आली होती. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना भेटायला सवड झाली नाही. मग या केसवाल्या बायकांनी अधिवेशनातून विल्सनना तार केली, जमावाकडून होणाऱ्या हत्यांविरुद्ध कायदा करा म्हणून. कंपनीची विक्री-बैठक आणि राष्ट्राध्यक्षांना तार, एकाच कार्यक्रमात! आमच्या बचतगटाच्या प्रदर्शनात उद्घाटनाला नगरसेवक वेळेवर आला तरी आम्हाला धन्य वाटतं.

मरायच्या थोडं आधी तिने त्याच लढ्यासाठी पाच हजार डॉलर कबूल केले. मृत्युपत्रात लिहिलं की कंपनीच्या पुढच्या नफ्यातला दोन तृतीयांश भाग दानाला जावा. करोडपती म्हणून तिची कीर्ती होती. तिने स्वतःच १९१७ मध्ये मुलाखतीत सांगितलं होतं की अजून दहा लाख डॉलर झालेले नाहीत, व्हावेत अशी इच्छा आहे. गेली तेव्हा इस्टेट त्याहून बरीच कमी भरली. रॅन्समचं खर्चाबद्दलचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

आमच्या इमारतीत चार-पाच घरी धुणं-भांडी करणारी एक जण आहे. वॉशिंग मशिनांनी तिचं धुणं गेलं, भांडी उरली. केस मात्र कमरेपर्यंत, आणि माझं तेल ती लावते कारण सणासुदीला मीच बाटली देते. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "ताई, मी विकू का तुमचं तेल? सगळ्या विचारतात, तुझे केस असे कसे म्हणून." मला आनंद झाला. मी तिला बसवून सांगायला लागले, माका पावसाळ्यातलाच का, खोबरेल का, तडतड कधी थांबते. तिने पदराला हात पुसत ऐकून घेतलं.

"ते मी सांगेन बरोबर," ती म्हणाली. "मला बाटलीमागे किती सुटतील?"

मी वीस म्हटलं. तिने मान हलवली. ती पन्नास म्हणाली, मी कॅल्क्युलेटर काढला, बाटली, लेबल, खोबरेलाचा चढलेला भाव सगळं तिच्यासमोर मांडलं. चाळीसवर ठरलं. रिकामी बाटली परत आणली तर पाच रुपये वेगळे, हे तिनेच घालून घेतलं. शिवाय तिची एक जाऊ आहे कल्याणला, तिलाही लावायचंय, आणि तिच्या बाटल्यांतले दहा हिला.